काळा दगड जिथे संपतो

साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात ज्वालामुखीला भिणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या मावसबहिणीच्या पदरी पडला. भाऊजी भद्रावतीला भूगोल शिकवत. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, हे त्यांनी एकदा वर्गाला सांगितलं. पोरं परीक्षा होताच विसरली, भाऊजी मात्र तेव्हापासून अंगणात सुखानं बसले नाहीत. ताप मोजायचा थर्मामीटर ते रोज सकाळी दोरीनं विहिरीत सोडत. घरात कुणाला ताप आला की तो आधी विहिरीतून काढावा लागे. खाणीकडे भुईतला कोळसा पेटून धूर निघाला, तर यांनी ट्रंक भरून बसस्टँड गाठलं. एका भूगर्भवाल्या साहेबांनी समजावलं, की इथला लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवला, जागता ज्वालामुखी पार अंदमानकडच्या समुद्रात आहे. भाऊजी म्हणाले, "इतकी वर्षं झोपला, म्हंजे उठाची वेळ झाली न त्याची."

ताईला फक्त स्वतःचं घर हवं होतं. भाड्याच्या दोन खोल्यांत तिची पंधरा वर्षं गेली, कारण भाऊजींचा हेका एकच, "काळा दगड जिथी संपते, तिथी बांधू." दर रविवारी ते मला एसटीत कोंबत. प्लॉटवाला पाणी, रस्ता दाखवी. हे वाकून हातोडीनं दगड फोडत आणि "चाल, इथी नाई" म्हणत. माझ्या रविवारांचं पार मातेरं झालं. शेवटी आरमोरीला तांबूस दगड लागला आणि घर उभं राहिलं.

गृहप्रवेशाच्या दिवशी ट्रकमधून ताईचा माहेरचा पाटा उतरला. काळाकुळकुळीत. भाऊजी दारात आडवे झाले. "हा अंदर नाई येनार. लाव्हा आहे तो." ताई वाद घालत बसली नाही. अंगणात पाट्याशेजारी बसकण मारून म्हणाली, "मंग मी बी इथीच राहतो." पंगत खोळंबली, भात निवला. अखेर भाऊजींनीच पाटा उचलून आत नेला. मात्र रोज चहाआधी त्यावर तळवा ठेवायचा आणि "थंडा आहे" म्हणून सुस्कारा सोडायचा, हा नेम पडला.

मागच्या खेपेस गेलो, तर ताईचे हात कामातून गेलेले. वाटणाला मिक्सर आला होता आणि पाटा कोपऱ्यात कोरडा पडला होता. भाऊजींनी सवयीनं तळवा ठेवला. "थंडा आहे," ते म्हणाले, पण या वेळी सुस्कारा सुटला नाही. मग स्वतःच खाली बसले आणि चार मिरच्या घेऊन धाप लागेपर्यंत वरवंटा फिरवत राहिले.

"पाह्य वो," ते ताईला म्हणाले, "झाला गरम."

ताईनं मान डोलावली. मी हात लावून पाहिला. थंडच होता, तरी चटका बसल्यासारखा मी हात मागे घेतला.