लहरीपुऱ्यातली गॅलरी

रेल्वेच्या नोकरीपायी सांगलीहून बडोद्याला आलेल्या जयवंतराव मोहित्यांनी लहरीपुऱ्याच्या आतल्या गल्लीत घर घेतलं, ते केवळ गॅलरीसाठी. रस्त्यावर पुढे आलेली सागवानी गॅलरी, खांबाखांबावर कोरलेले पोपट. "एवढ्या पैशात गावाबाहेर गोरव्याला नवं कोरं घर आलं असतं," निरुपमाबाई कुरकुरल्या. पण जयवंतराव भुलले होते. पुढे ती सगळी गल्ली जुना वारसा म्हणून राखीव ठरली, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले.

ते रिटायर झाले त्या सुमारास गॅलरीला उधई, म्हणजे वाळवी लागली. तुळया आतून पोकळ झाल्या, कठडा रस्त्याकडे कलला. गॅलरी उतरवायची परवानगी त्यांनी महापालिकेकडे मागितली. उत्तर आलं, उतरवता येणार नाही. दुरुस्त करा, पण तेच लाकूड आणि तीच नक्षी हवी. तसं काम करणारे कारागीर भेटले, पण त्यांची मजुरी पेन्शनीत बसेना. शेवटी जयवंतरावांनी खालून दोन लोखंडी पाइपांचा टेकू दिला. दिसायला ओंगळ, पण गॅलरी थांबली.

कुणीतरी तक्रार केली. महापालिकेतून तपासणीला आलेली मुलगी नोटीस हातात देत अदबीने बोलली, "काका, घराचा दर्शनी भाग बिघडतोय. पाइप काढा, नाहीतर घराला सील लागेल."

"आणि पडली तर?"

"म्हणून तर म्हणते, दुरुस्ती लवकर करा."

निरुपमाबाई म्हणाल्या, "राहू द्या पाइप. सील लावतील तेव्हा बघू." पण उभ्या नोकरीत साहेबाचा शब्द मोडला नव्हता, तो माणूस सीलच्या नावानेच गारठला. एका रविवारी त्यांनी स्वतःच्या हातांनी दोन्ही पाइप काढले.

खाली त्यांच्या ओट्यावर नयनाबेन फुलं विकायची. जयवंतराव तिला म्हणाले, "इथे बसू नका. वरच्या लाकडाचं काही खरं नाही."

"बीजे क्यां जाऊं, काका? दुसरीकडे कुठे बसू? माझं गिऱ्हाईक इथेच येतं."

आणखी एकदा सांगून पाहिलं, मग त्यांनी विषय सोडला. सकाळी खाली तिचा आवाज असला की त्यांना बरं वाटायचं, हेही होतं.

पाऊस सरला, नवरात्र तोंडावर आलं. त्या सकाळी गिऱ्हाइकांची झुंबड नुकतीच ओसरली होती. जयवंतराव आत दाढी करत होते. कडाड्कन आवाज झाला आणि घर हादरलं. धावत जाऊन गॅलरीचं दार उघडलं, तर दारापुढे काहीच नव्हतं. खाली धुरळा, मोडकी लाकडं आणि रस्ताभर झेंडू. नयनाबेन दवाखान्यात पोचेपर्यंत गेली.

"साहेब, मला परवानगीच दिली नाही," जयवंतराव पोलीस चौकीत काकुळतीने सांगत राहिले. फौजदाराने मान वर केली नाही. "घर कोणाचं? तुमचं ना?" निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला गेला. भिंतीला लटकलेलं उरलंसुरलं लाकूड सरकारी माणसांनी दुसऱ्याच दिवशी पहारींनी पाडलं.

तेराव्यानंतर जयवंतराव नयनाबेनच्या नवऱ्याकडे गेले. धीरूभाईंनी पाणी दिलं, समोर बसले.

"टेकू कोणी काढले?"

"मी."

"ठेवले असते तर?"

"तर... उभी राहिली असती," जयवंतराव म्हणाले. धीरूभाई उठून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत.

सगळं नोटिशीवर ढकला, असं वकिलाने बजावलं होतं. कोर्टात जयवंतराव म्हणाले, "नोटीस होती. पण गॅलरी पडणार, हे मला ठाऊक होतं." शिक्षा झाली. अपिलात जामीन मिळाला, आणि अपील तसंच पडून आहे.

घर विकायला काढलं, पण राखीव गल्लीतलं घर म्हटल्यावर कुणी पुढे येईना. निरुपमाबाईंनी वरच्या दाराला आतून फळ्या ठोकून घेतल्या. दोघं अजून तिथेच राहतात. जयवंतराव फारसे बाहेर पडत नाहीत. पडलेच, तर ओट्यावर पाय ठेवावा लागू नये म्हणून मागच्या बोळातून जातात.