गुलाबी जिवाणूचं नाव

अंटार्क्टिकातल्या एका तळ्याचा गाळ आमच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा लखनौत लू चालली होती. विकास नगरातून स्कूटरवर संस्थेत पोचेपर्यंत तोंड भाजून निघायचं, आणि मग मी स्वेटर चढवून शीतखोलीत शिरायची. त्या गाळातले जिवाणू फ्रिजच्या थंडीतच वाढतात.

कित्येक आठवडे काचेच्या बशीत काहीच उगवलं नाही. मग एका सकाळी टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी ठिपके दिसले. त्यांच्या डीएनएचा एक तुकडा वाचून घेतला, जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिला. जवळचे नातेवाईक सापडले, पण हा त्यांतला कुणीच नव्हता. नवी प्रजाती म्हणायला तेवढं पुरत नाही. तो कोणती साखर खातो, किती मीठ सोसतो, हे त्याच्या नातेवाइकांना शेजारी वाढवून तपासावं लागतं; अख्खा जीनोम ताडावा लागतो; शिवाय दोन वेगळ्या देशांतल्या जिवाणूंच्या संग्रहांत तो जमा करावा लागतो. हे सगळं मी केलं. त्यापायी दिवाळीला साताऱ्याला गेले नाही.

राहिलं नाव. रंगावरून एक साधं लॅटिन नाव मी सुचवलं. आमचे विभागप्रमुख, सगळ्यांचे 'सर', माझ्या लेखाचा मसुदा बाजूला सारत म्हणाले, "गुलाबी तो सैकड़ों होते हैं. मेरे गुरुजी के नाम पर रखते हैं."

"सर, इस काम से उनका क्या संबंध?"

"संबंध मैं हूँ ना."

म्हटलं, ठीक आहे, लेख तरी जाऊ दे. पण सरांना तो गुरुजींच्या सत्कारातच जाहीर करायचा होता, आणि सत्कार सारखा पुढे ढकलला जात होता. विचारलं की म्हणायचे, "बैक्टीरिया कहीं भागा जा रहा है क्या?"

तो कुठे पळाला नाही. दुसऱ्या देशातल्या एका गटाला तोच जिवाणू वेगळ्या तळ्यात सापडला आणि त्यांनी लेख छापला. ज्याचं नाव आधी रीतसर छापलं जातं, त्याचंच टिकतं. माझा जिवाणू आता त्यांच्या प्रजातीचा आणखी एक नमुना झाला.

मी तो लेख सरांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, चहा मागवला. "चलो, कन्फर्म तो हुआ कि हम सही थे." मी चहा न पिताच उठले.

घरी मुलीला सांगितलं. तिला मराठी समजतं, पण ती बोलते हिंदीतच. "मम्मा, मिला तो पहले आपको था ना?"

"आधी सापडणं धरत नाहीत गं. आधी छापणं धरतात."

"तो सर ने छपने क्यों नहीं दिया?"

गुरुजी, सत्कार, सगळं सांगितलं. तिला हसू आलं. तिचं काय चुकलं? पण त्या संध्याकाळी मी तिच्याशी धड बोलले नाही.

पुढे सरांनी 'आम्हालाही सापडला' अशी टिपणी लिहायला सांगितली, पहिलं नाव त्यांचं. मी नकार दिला. ती दुसऱ्या कुणीतरी लिहिली, माझ्या नावाशिवाय छापूनही आली. मी विभाग बदलून घेतला. आता मलिहाबादच्या दशहरी आंब्यावर पडणाऱ्या बुरशीवर काम करते. परवा एका बागवाल्यानं विचारलं, "मैडम, पहले क्या करती थीं?"

"बर्फ़ के कीटाणु."

"अच्छा! उनसे क्या नुकसान होता है?"

"आम को तो कुछ नहीं, भैया," मी म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे वळले.