विमा कुणाकडं होता

आमच्या दारावर पत्र्याची निळी पाटी होती. वर मुंबईच्या विमा कंपनीचं नाव ठळक अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत 'एजन्सी'. सोलापुरात आमच्या पेठेत वाचता येणारे थोडे, आणि जे होते तेही मोठीच अक्षरं वाचायचे. त्यामुळं सगळ्यांचा पक्का समज, की कंपनी म्हणजे आमचं दोन खोल्यांचं घर आणि विमा म्हणजे आमचे हे. ह्यांचं नाव मी उखाण्यात तेवढं घ्यायची, त्याबाहेर एकदाच घेतलं. इथं घेणार नाही, उगीच शोधत बसू नका.

हे सायकलवर फिरायचे. पेठ त्यांना अण्णा म्हणायची. हँडलला कापडी पिशवी, पिशवीत कंपनीचे छापील कागद. लोकांना विमा समजावून सांगायचा, कागद भरून घ्यायचे, डॉक्टरकडं तपासायला न्यायचं आणि हप्त्याचे पैसे घेऊन मुंबईला धाडायचे, एवढं त्यांचं काम. त्यावर कमिशन मिळायचं आणि त्यावर आमची चूल पेटायची. माणसाचा विमा घ्यायचा की नाही ते कंपनी ठरवणार, आणि माणूस गेला तर पैसे देणार तीही कंपनीच. सुताच्या गोदामांचा आगीचा विमा घेणारी तर निराळीच कंपनी होती. तिची एजन्सीही ह्यांच्याकडंच. एका सायकलवर दोन कंपन्या. जेवताना मला सांगायचे, "मी स्टेशनातला तिकीटबाबू. गाडी माझी न्हवं."

"मग लोकांना सांगा की तसं," मी म्हणायची.

"सांगतो की. पण ऐकतंय कोण?"

ऐकणार तरी कसं? आमच्या पेठेत सगळा व्यवहार माणसाच्या तोंडाकडं बघून चालायचा. कंपनीला तोंड नव्हतं. ह्यांना होतं, आणि ते हसरं होतं.

समोरच्या घरात साड्या विणणारं तेलुगू कुटुंब राहायचं. चार हातमाग होते, म्हणून लोक त्या घरधन्याला कारखानदार म्हणायचे. मी दाजी म्हणायची, कारण त्यांची बायको माझी अक्का. आम्ही दोघी एकाच आडावर पाणी भरायचो. अक्काला दोन मुली. दाजींचे भाऊ वेगळे राहायचे, पण डोळा दाजींच्या मागांवर. उद्या दाजींचं काही बरंवाईट झालं तर माग भाऊ उचलून नेणार आणि आपण पोरी घेऊन विड्या वळायला बसणार, हे अक्काला लख्ख दिसत होतं. म्हणून तिनंच नवऱ्याच्या मागं लागून विमा उतरवून घेतला होता. हप्ता आला की दाजी आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि पैसे ह्यांच्या हातावर ठेवायचे. ते पैसे पुढं मुंबईला जातात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

एका उन्हाळ्यात हे तापानं गेले. चार दिवसांचं दुखणं काय ते. माझं कसं झालं ते सांगत नाही, ज्या बाईवर आलंय तिला ठाऊक आहे.

दहाव्याला बाप्ये तळ्याकाठी गेले. माझा दीर करमाळ्याहून आला होता, साधा शेतकरी माणूस. दुपारी परत आला तो घामानं भिजलेला आणि चेहरा मात्र उजळलेला.

"वैनी, कावळा शिवतच न्हवता," तो म्हणाला. "मी म्हणलं, वैनीला अंतर देत न्हाय. म्हणलं, तुमच्या ल्हान पोराला शिकवतो. तरी मेले झाडावर बसून नुसते बघत हुते. मग त्यो समोरचा कारखानदार पुढं झाला. हात जोडून म्हणला, 'अण्णा, माजा विमा सोडला. तुमच्याकडं काय बी मागणं न्हाय.' आन् लगीच शिवला की कावळा."

गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, म्हणून ज्याचं त्यानं त्याला मोकळं करायचं, अशी रीत. खरं सांगते, ते ऐकून मलाही सुटल्यासारखं वाटलं. निदान हे तरी सुखानं गेले म्हटलं.

तेराव्याला मात्र रांग लागली. शिंपी आला, तेली आला, गिरणीतले दोघं आले. प्रत्येकानं ह्यांच्या फोटोसमोर हात जोडले आणि "आमचाबी सोडला" म्हणून गेला. दीर दाराशी उभा राहून सगळ्यांना नमस्कार करत होता. माणसं पांगल्यावर मला हळूच म्हणाला, "बरं झालं वैनी. येवढ्या लोकांचं आपण कुटनं भरणार हुतो?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्यांचा सख्खा भाऊ, त्यालाही वाटत होतं की सगळ्या पेठेचा विमा आमच्या फडताळात ठेवलाय. रडता रडता मला असा संताप आला की विचारू नका.

संध्याकाळी अक्का येऊन शेजारी बसली. मग म्हणाली, "हप्ता आला होता. आता भरायचा नाही ना? पोरींचं देव बघील."

हप्त्याची तारीख उलटली की कंपनी थोडे दिवस थांबते आणि मग विमा बंद पडतो, हे मला पाठ होतं. त्या दिवसांत हे जेवण टाकून लोकांच्या दारी पळायचे. मी अक्काला म्हटलं, "दाजींना बोलाव."

दाजी आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी आतनं बोलले. विमा बुडालेला नाही, हप्ता आता थेट मुंबईला धाडा, म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"न्हाय वैनी. मी सोडला म्हणलो आन् कावळा शिवला. आता परत मागू? अण्णांचा जीव अडकंल. माज्यानं हुणार न्हाय."

माझ्या नवऱ्याच्या जिवासाठी हा माणूस आपल्या पोरींचं भविष्य सोडून द्यायला तयार होता. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? पण रागावले.

"दाजी, तुमी ह्यांच्याकडचं सोडलं. ह्यांच्याकडं होतं काय? सायकल आन् पिशवी. तुमचा विमा कंपनीकडं हाय, तो ह्यांच्यापुढं सोडून कसा सुटंल? तिकीटबाबू मेला म्हणून मद्रास मेल थांबली का कधी?"

दाजींनी विचार केला. "थांबत न्हाय."

"मग?"

"मग कावळा का शिवला?"

आतून मलाही भीती होतीच. हप्ता भरला आणि हे खरंच अडकून पडले तर?

शेवटी दाजीच म्हणाले, "उद्या सकाळी अण्णांनाच इचारतो. हो म्हणले तर भरतो." मी म्हटलं, मीही येते. दीर कासावीस झाला. "वैनी, म्हैना झाला न्हाय. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्याच लोकांचे विमे बुडायला लागलेत," मी म्हटलं, आणि सकाळी पदर तोंडावर ओढून अक्काबरोबर निघाले.

तळ्याकाठी दाजींनी पानावर भाताचा गोळा ठेवला. मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, तुमचं तुमाला सोडलंय, ते परत मागत न्हाय. कंपनीचं कंपनीला भरू का?"

कावळे झाडावर होते. एकही हलला नाही. आम्ही थांबलो. गिरणीचा भोंगा झाला, ऊन पाठीला लागायला लागलं. दाजींनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चला वैनी. अण्णांना पटत न्हाय."

अक्कानं माझा दंड घट्ट धरला. तेवढं मला पुरलं. मी पुढं गेले, पदर मागं सारला आणि ह्यांना नावानं हाक मारली. नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव, सगळं घेतलं.

"ऐकताय न्हवं?" मी म्हटलं. "उभा जन्म घरोघर सांगत फिरलात, मी नुसता एजंट हाय म्हणून. आता तुमीच अडून बसलाय व्हय? सांगा की दाजींना."

अक्कानं तोंडावर हात ठेवला. आणि एक कावळा खाली आला, गोळ्यात चोच घातली आणि घास घेऊन उडाला. आता तुम्ही म्हणाल, त्याला भूक लागली असेल. असेल की. माझी काही ना नाही.

तिथून आम्ही तिघं थेट पोस्टात गेलो. दाजींनी आपल्या हातानं मुंबईला मनीऑर्डर केली. काही दिवसांनी कंपनीची पावती समोरच्या घरी टपालानं आली. ती दोन्ही हातांत धरून दाजी माझ्याकडं आले आणि म्हणाले, "वैनी, कंपनीला माजं घर ठावं हाय की." ह्यांनी स्वतःचाही विमा उतरवला होता. तो पैसाही पुढं मुंबईहून आला, तेव्हा कुठं माझ्या दिराला सगळं पटलं. पेठेतल्या बाकीच्यांना मी घरोघर जाऊन सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी नाही. शिंप्याचा विमा बुडाला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढं नवा एजंट आला आणि आमच्या दारावरची पाटी काढून घेऊन गेला.

काही वर्षांनी दाजीही गेले. शेवटचा हप्तासुद्धा त्यांनी वेळेवर भरला होता. कंपनीचे पैसे अक्काच्या हातात पडायला अजून अवकाश होता, भाऊ मागांभोवती घिरट्या घालत होतेच. दहाव्याला तळ्याकाठी काय होतंय म्हणून आम्ही दोघी तिच्या ओट्यावर वाट बघत बसलो होतो. दहाव्यासाठी करमाळ्याहून आलेला माझा दीर सगळ्यांच्या आधी परत आला.

"पिंड ठेवला," तो म्हणाला, "आन् ठेवणाऱ्याचा हात मागं यायच्या आत कावळा शिवला. कुणाला काय बोलावंच लागलं न्हाय."