सासूबाईंचा अंगठा

माझा आवाज मोठा आहे, हे आमच्या टेमघरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या गुरुवारी तो जेवढा चढला, तेवढा लग्नानंतरच्या बावीस वर्षांत कधी चढला नव्हता. आणि त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्यात अंगणात खिळा घुसला होता. सांगितलं कुणाला? कुणालाच नाही! हळद दाबली आणि कामाला लागल्या. त्यात साखरेचा आजार. अंगठा वांग्यासारखा सुजला, ताप चढला, तेव्हा कुठे बाई दवाखान्यात यायला तयार झाल्या. डॉक्टरांनी जखम साफ केली, आधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का विचारलं, साखरेच्या गोळ्या बघितल्या आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, खाल्ल्यावर. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका. हे पसरलं तर अंगठा काढावा लागेल."

तीन दिवसांत ताप उतरला, सूज ओसरली, आणि सासूबाई स्वतःच डॉक्टर झाल्या.

गुरुवारी दुपारी मी शाळेत शिकवून घरी आले, तर गोळ्यांची पट्टी जागेवर नाही.

"आई, गोळ्या कुठायत?"

"दिल्या. त्या खोलीवाल्या भैयाला. त्याची दाढ ठणकते. मला आता बरा हाय, उगा वाया कशाला घालवू?"

"आणि सकाळची?"

"आज गुरवार न्हाय का? खाऊन घ्यायची गोळी उपासाला कशी घेऊ?"

उपास! समोर साबुदाण्याच्या खिचडीची चाटूनपुसून साफ केलेली ताटली, बाजूला केळ्याची सालं. अहो, पोट टम्म भरलेलं आणि म्हणे उपाशी! साखरेच्या बाईनं हे खाल्लं, त्याचं वेगळंच भांडण होतं, पण तेवढा वेळ नव्हता.

मी तशीच मागच्या खोल्यांकडे धावले. आमचा भाडेकरू कापडाच्या लूमवरची ड्युटी संपवून आला होता, एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास.

"भैया, रुको! एक भी मत खाना!"

"माँजी ने दिया है, भाभी."

"माँजी का अंगूठा कट जाएगा! और तुम दाँत के डॉक्टर को दिखाओ. ये दवा तुमको चलती है कि नहीं, माँजी को क्या मालूम?"

बिचाऱ्यानं मुकाट्यानं पट्टी दिली. गोळ्या मोजल्या, उरलेल्या सगळ्या होत्या. डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, सकाळची आत्ता द्या, पण भरपाई म्हणून दोन एकदम देऊ नका. पुढच्या वेळेवर, शेवटच्या गोळीपर्यंत.

घरात सासूबाई फुगून बसलेल्या. "भाडेकरूसमोर माझी लाज काढलीस."

"काढली! अंगठा गेल्यावर लाजेवर उभ्या राहणार आहात का?" असं ओरडले खरी, आणि मलाच रडू फुटलं. भोकाड पसरून रडले मी. माझी आई गेल्यापासून मला दटावायला हीच एक बाई उरली होती, ती लंगडी झालेली मला बघवली नसती.

त्यांनी हात पुढे केला. "दे."

त्यानंतर गोळीच्या वेळेला मी समोर उभी. त्या गिळायच्या आणि वर जीभ काढून दाखवायच्या, मला चिडवायला. शेवटची गोळी घेतल्यावर रिकामी पट्टी त्यांनी माझ्या नवऱ्याला, नणंदेला, शेजारणीला, सगळ्यांना दाखवली.

दवाखान्यात अंगठ्याचं बँडेज सुटलं. डॉक्टरांनी दाबून बघितलं, चारही बाजूंनी बघितलं. "मस्त! अंगठा वाचला." मी तिथेच टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या बायका बघायला लागल्या. बघू देत.

परत येताना धामणकर नाक्यावर रिक्षा थांबवून मी त्यांना चपलांच्या दुकानात नेलं. यापुढे अंगणातसुद्धा अनवाणी नाही, असं ठरलं होतं. दुकानदारानं त्यांच्या वयाकडे बघून रुंद पट्ट्याची, नुसता पाय सरकवायची चप्पल पुढे केली.

सासूबाईंनी ती परत सारली.

"न्हाय. अंगठ्याची दाखव," त्या ऐटीत म्हणाल्या. "अंगठा हाय मला."