दाखवण्याजोगी एक बाग

आमच्या धंद्यात झाडांना पाणी मोजून द्यावं लागतं, किस्से मात्र बिनपाण्याचे फोफावतात. शंकरमामा आणि मी चहाला बसलो की एकातून दुसरा फुटतोच. शंकरमामा म्हणजे आमचे हेडमाळी. मी कागदावर बाग आखायची, त्यांनी ती जमिनीवर उतरवायची आणि मग मालकानं ती बुडवायची, अशी आमची कामाची वाटणी आहे.

बुडवायची म्हणजे अगदी खरोखर! ‘कमी पाण्यातल्या देखण्या बागा’ असं माझ्या कार्डावर छापलंय, आणि काम करते मी सातारा-सांगलीत. इथल्या माणसाचा हात उसावर बसलेला. सरी तुडुंब भरल्याशिवाय पाणी दिल्यासारखं वाटतच नाही त्याला! त्यामुळे नवं गिऱ्हाईक “आधी केलेली एखादी बाग दाखवा की” म्हणालं, की मी विषय बदलते. बागा केल्या ढीगभर आणि दाखवायला एक नाही. एक, फक्त एक बाग मी आखली तशी जगलेली बघायची होती मला.

* * *

तासगावच्या बाजूला एक बंगला. उन्हाळाभर टँकरवर चालणारं घर. मालक म्हणाले, “मॅडम, पाण्याची लय वानवा हाय. बिनपाण्याची बाग करा.”

मला आनंदानं भरून आलं. असं शहाणं गिऱ्हाईक रोज भेटत नाही. मी वही उघडली.

“आन् मधी एक धबधबा काढा!”

मी वही मिटली.

* * *

मिरजेत एका डॉक्टरांच्या घरी ठिबक बसवलं. म्हटलं, हा माणूस दिवसभर सलाईनच लावतो, याला थेंबाची किंमत कळेल. कळली की! कुठली नळी किती वेळ चालवायची, तो तक्ता त्यांनी फाईलला लावून ठेवला.

तीन आठवड्यांनी फोन. “पानं पिवळी पडलीत. मी पाणी दुप्पट केलंय.”

“डॉक्टर, पाणी जास्त झाल्यामुळेच पिवळी पडलीत. थोडे दिवस बंद करा.”

आणखी आठवड्यानं जाऊन बघते तर ठिबक चालू, शिवाय त्याच्या जोडीला नळाचा पाईप! मी कपाळावर हात मारला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “मी सेकंड ओपिनियन घेतलं.”

“कुणाचं?”

“आमच्या वॉचमनचं. त्याचा तीन एकर ऊस आहे!”

* * *

साताऱ्याकडच्या एका गावात सुभेदारसाहेबांचं घर. फौजेतून रिटायर झालेले, मिशीला पीळ, बोलायला अतिशय गोड. त्यांच्या अंगणात मी ओबडधोबड दगड, रानगवत, करवंदाच्या जाळ्या असं सगळं डोंगरउतारावर असतं तसं विस्कटून लावलं होतं. ओल टिकावी म्हणून मधल्या जागेत उसाच्या वाळल्या पाल्याचा, म्हणजे पाचटाचा, जाड थर दिला होता. चार दिवस पाणी दिलं नाही तरी चालावं, असा सगळा बेत होता.

महिन्यानं गेले. सगळे दगड उंचीप्रमाणे एका रांगेत उभे! एकाआड एक गेरू आणि चुना फासलेला. मी म्हटलं, “साहेब, हे काय?”

“तुमच्या मान्सांनी कसंबी टाकून दिलं हुतं, मॅडम. मी लाईनीत घेतलं.”

तेवढं मी गिळलं. मग जमीन दिसली. काळी ठिक्कर. करवंदं होरपळलेली, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटलेल्या. ऊस तुटला की रानातलं पाचट पेटवायचं, ही सवय साहेबांनी अंगणातही मोडली नव्हती!

मी मटकन गेरूच्या एका दगडावर बसले. साहेबांना वाटलं, मी भारावून गेले.

“आभार मानू नका,” ते म्हणाले. “तुमचा कचरा त्यो आमचा कचरा.”

* * *

हायवेलगतच्या एका गावात चौकातली बाग केली. कोरफड, घायपात, दगड, खडी. दोन महिने पाऊस पडला नाही तरी वाकडं होऊ नये, अशी झाडं. उद्घाटनाला मांडव, हार, माईक. पाहुण्यांनी एका कोरफडीला तांब्याभर पाणी घालायचं, असं ठरलं.

पाहुण्यांनी घातलं. मग सरपंचांनी. मग माजी सरपंच म्हणाले, “आमी काय मेलोय व्हय?” त्यांनी दोन तांबे घातले. ते बघून सरपंचांच्या गटानं बादली मागवली. मग महिला मंडळ, तरुण मंडळ, सोसायटीचे चेअरमन. मी माईकपाशी जाऊन हात जोडले, “कोरफडीला एवढं पाणी चालत नाही हो!” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचा तांब्या भरला.

पंधरवड्यानं कोरफड कुजून आडवी झाली. सरपंचांचा फोन आला. म्हटलं, निदान चूक तरी कबूल करतील.

“मॅडम, झाड बदलून द्या. पर या टायमाला पयला तांब्या आमचा!”

शंकरमामांना सांगितलं, तर ते तंबाखू मळत म्हणाले, “आपण प्लास्टिकची लावू.” आणि जरा वेळानं, “तिलाबी घालतील.”

* * *

आता उंब्रजच्या बाजूचं सांगते.

दोन सख्खे भाऊ, दादा आणि आप्पा. हायवेपासून आत दोघांनी मिळून बंगला बांधला, बाग मी केली. बहावा, तगर, बोगनवेल, रानगवताचे पट्टे. झाडं जेमतेम रुजली आणि भावाभावांत वाटणीवरून जुंपली. बोलणं बंद, केस कोर्टात, बंगला बंद. गेटला दोन कुलपं, एक दादांचं, एक आप्पांचं. एकानं उघडलं तरी दुसऱ्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मोटरचं कनेक्शनसुद्धा तोडलेलं.

दोन वर्षांनी शंकरमामांना घेऊन त्या रस्त्यानं चालले होते. सहज गाडी थांबवून कंपाउंडवरून डोकावले आणि बघतच राहिले. बहावा पिवळाधमक! गवत कमरेला लागेल एवढं, बोगनवेल भिंतीबाहेर आलेली. पावसाळ्याच्या पाण्यावर सगळं जगलं होतं, आणि मी आखलं होतं अगदी तसंच. शंकरमामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला रडू आलं. लाज सोडून सांगते, हे भांडण असंच चालू दे, असा नवसही मनातल्या मनात बोलले.

त्याच सुमारास साताऱ्यातल्या एका वसाहतीचं मोठं उद्यान करायचं निघालं. टँकर आणून आणून तिथले लोक टेकीला आले होते. असं काम मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघितली होती. कमिटीच्या अध्यक्षांनी एकच अट घातली, “जगलेली एक बाग दाखवा. काम तुमचं.”

मी म्हटलं, “येत्या सोमवारी चला!”

पण कंपाउंडवरून डोकावत कमिटीला बाग कशी दाखवायची? गेट उघडायचं तर दोन्ही किल्ल्या हव्यात. दादांना वेगळा फोन केला, आप्पांना वेगळा. हातापाया पडले. दोघंही म्हणाले, “त्यो येनार आसंल तर मी न्हाई.” शेवटी दोघांनीही, बागेसाठी म्हणून, हो म्हटलं.

सोमवारी अध्यक्ष, सेक्रेटरी आणि तीन मेंबर माझ्या गाडीतून उतरले. गेट सताड उघडं. दादा आणि आप्पा दारात, दोघांच्या विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, आप्पांच्या खांद्यावर खोरं. दोघांच्या मागं बाग नव्हतीच, तळं होतं. बहाव्याच्या बुंध्याशी पाणी चकाकत होतं आणि गवत त्यात आडवं पडून तरंगत होतं. कुठंतरी मोटर घुमत होती.

दादा पुढं आले, त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते.

“मॅडम, तुमच्यामुळं आमी एक झालो. शुक्रवारी किल्ली घिऊन आधीच बघाय आलो, तर ह्योबी आलेला. बघतोय तर काय, मुकी झाडं दोन वर्सं तान्हेली! आमच्या भांडनात त्यांचा काय गुन्हा? दोघं गळ्यात पडून रडलो, पयलं कनेक्शन जोडून घेतलं.”

आप्पांनी खोरं खाली टेकवलं आणि कमिटीकडं बघून अभिमानानं म्हणाले, “तवापासनं मोटर बंद केलेली न्हाई. पाळ्या लावल्यात. दिवसा मी, रातच्याला दादा!”