पगारी नट पाहिजेत

नाटकांपेक्षा नाटकवाल्यांचे किस्सेच जास्त टिकतात. आमच्या आष्टीच्या ग्रुपनं जी नाटकं केली, त्यातल्या एकाचंही नाव आज गावात कुणाला सांगता येणार नाही. पण स्टँडवर आमच्यातले दोघं जरी भेटले, की चहा येईपर्यंत एखादा किस्सा होतोच. हसतो आम्ही. हसून झालं की कुणी कुणाकडं बघत नाही.

आम्ही चौघं. भागवत म्हणजे आमचा हिरो. सुनंदा सगळ्या बायकांची कामं करायची. सलीमभाईचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं माइक आणि रेकॉर्डिंग त्याच्याकडं. स्टेजवर मात्र त्यानं कधी पाय ठेवला नाही. आणि मी, सोसायटीत कारकून.

पुण्याची एक नाटक कंपनी दरवर्षी पेपरात जाहिरात द्यायची : 'पगारी नट पाहिजेत. तीन फोटो, आवाजाची कॅसेट आणि अनुभवाचा दाखला पाठवावा.' नाटक करायचं आणि वर महिन्याला पगार! आमच्या दुष्काळी तालुक्यात आम्ही ती जाहिरात लग्नपत्रिकेसारखी जपून ठेवायचो. फॉर्म मी भरायचो, म्हणून पत्ताही सगळ्यांचा एकच – सोसायटीचा.

*

पहिला नंबर सुनंदाचा. फोटो हवे होते समोरून, बाजूनं आणि पूर्ण उभा. आष्टीतल्या फोटोग्राफरला आयुष्यात एकच पोझ माहीत. त्यानं तिच्या हाती प्लास्टिकची फुलं दिली, पदर नीट केला आणि म्हणाला, "जरा लाजा की ताई!"

"मला नटी व्हायचंय, नवरी न्हाई," सुनंदा म्हणाली.

फोटो मात्र इतका झकास आला, की त्यानं मोठा करून काचेत लावला. बाजाराच्या दिवशी तो एका पाहुण्यांनी पाहिला. "पोरगी कुणाची?" पंधरा दिवसांत सुपारी फुटली, महिन्यात लग्न!

त्यानंतर कंपनीचं पत्र आलं. 'कु. सुनंदा यांनी मुलाखतीस यावे.' मी ते घेऊन तिच्या वडिलांकडं गेलो. त्यांनी वाचलं, उलटं करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"सासरी तिचं नाव बदललंय," ते म्हणाले. "ह्या नावाची आमच्याकडं आता कुणी न्हाई."

*

कॅसेटसाठी शांत जागा पाहिजे. सोसायटीचं गोदाम त्या वर्षी रिकामंच होतं. भर दुपारी दार लावून घेतलं. भागवत राजा. सलीमभाईनं बटण दाबलं.

"माझ्या राज्यात प्रजा सुखी आहे..."

तेवढ्यात बाहेरून ओरडा आला, "टँकर आला!"

राजा पळाला! आम्हीही हंडे-घागरी घेऊन पळालो. दार सताड उघडं, टेप चालूच. टँकर गोदामाला लागूनच उभा राहिला होता.

परत आल्यावर सलीमभाईनं कॅसेट मागं घेऊन लावली. भांड्यांची आदळआपट, शिव्या, आणि त्या सगळ्यावर एक स्वच्छ आवाज : "सरक ए म्हातारे! मरायला टेकलीस, तुला कावून एवढं पानी लागतंय?" भागवतचाच आवाज. म्हातारीही ओळखीची, त्याच्या शेजारची.

सलीमभाई म्हणाला, "हेच पाठव. इतकं खरं काम तू कवाच केलं न्हाईस."

भागवतनं कॅसेट काढली आणि सगळी फीत हातानं ओढून टाकली.

*

अनुभवाच्या दाखल्यासाठी भागवत साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांकडं गेला. त्याचे वडील कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते, म्हणून आत सोडलं. सगळे डायरेक्टर बसलेले.

"काय येतं तुला?"

"नकला, साहेब."

"मग माझी कर की!"

भागवतनं गॉगल पुसायची अॅक्शन केली, पोट पुढं काढलं. "सभासद बंधूंनो! पाऊस माझ्या हातात न्हाई. बाकी सगळं हाय!"

डायरेक्टर हसून लोळायचे बाकी राहिले. सगळ्यात जास्त हसले ते चेअरमनसाहेब. चहा पाजला, पाठीवर थाप मारली. "लई गुणी हायस. कागद घरी पाठवून देतो."

आठ दिवसांनी कारखान्याचा कागद खरंच घरी आला. वडिलांच्या नावानं. उद्यापासून कामावर येण्याची गरज नाही!

वडिलांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, "नक्कल हुबेहूब झाली म्हन की."

*

एकदा मलाही बोलावणं आलं. तयारीला मी मराठीच्या एका रिटायर्ड गुरुजींकडं जायला लागलो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुम्हा लोकांची जीभ जरा जड असते." तुम्हा लोकांची म्हणजे कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, हे त्यांना माहीत होतं. गिळलं. शिकायचं होतं ना!

चार महिने पाणी, लोणी, आणि, कोणी. घरी आईला म्हणालो, "पाणी दे." ती म्हणाली, "कुनाच्या घरात बोलतोयस?"

पुण्यात समोर तिघं. मी उतारा म्हटला. एक बाई खूश झाल्या. "पुण्याचेच का तुम्ही?"

छाती फुगली. "नाही. बीड जिल्हा, आष्टी."

"अरे वा! मग आता तुमच्या बोलीत म्हणा. यंदा ग्रामीण नाटकासाठीच माणूस हवाय आम्हाला."

मी तोंड उघडलं. 'आमी' म्हणायला गेलो, 'आम्ही' आलं. सुधारायला गेलो, तर तमाशातल्या सोंगाड्यासारखं काहीतरी निघालं.

बाई फार प्रेमानं म्हणाल्या, "खोटं वाटतंय हो. थोडे दिवस एखाद्या खेड्यात जाऊन राहा. लोकांना ऐका."

*

भागवतचं वय बसत होतं ते शेवटचं वर्ष. त्यानं बाप-लेकाचा प्रवेश निवडला. बाप बैल विकून आलाय, लेक भांडतोय. बापाची वाक्यं मी वाचणार होतो, पण सोसायटीनं मला चारा छावणीवर पाठवलं.

"तूच वाच," भागवत सलीमभाईला म्हणाला.

"मला न्हाई जमत बे."

"कागदात बघून वाच. तुझ्याकडं कोन ध्यान देतंय?"

एका दमात रेकॉर्डिंग झालं. कॅसेट गेली. दोन महिन्यांनी पत्र आलं. मी ते न फोडता सलीमभाईच्या दुकानात नेलं. भागवतनं उभ्यानंच फोडलं, वाचलं. बराच वेळ वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं.

"न्हाई झालं."

सलीमभाईचे डोळे भरले. "माझ्यामुळं झालं का रे? मी लईच सपाट वाचलं."

"न्हाई रे. तुझा काय संबंध?"

त्यानंतर आमच्यापैकी कुणीच फॉर्म भरला नाही.

मागच्या महिन्यात भागवतच्या घरी गेलो होतो. त्याला कसलासा सरकारी अर्ज भरायचा होता. कागदांची पिशवी माझ्यापुढं ठेवून तो आत गेला. शाळेचा दाखला शोधता शोधता ते पत्र हाती लागलं.

'आपले वाचन निवडीइतके चांगले झाले नाही. परंतु वडिलांची भूमिका वाचणारे गृहस्थ कोण? त्यांना ताबडतोब पाठवून द्यावे. अर्ज, फोटो कशाचीही आवश्यकता नाही.'

दोनदा वाचलं. मान वर केली, तर भागवत दोन कप घेऊन दारात उभा. त्यानं कप खाली ठेवले, पत्र माझ्या हातातून घेतलं, जुन्याच घड्यांवर दुमडलं आणि पिशवीत सरकवलं.

"सलीमच्या दुकानावरनं आलास का?"

"हो."

"बरा हाय ना त्यो?"

"बरा हाय."

"मंग चहा घे की," भागवत म्हणाला. "गार होतोय."