अंगणातली कार

साकोलीतले आमचे शेजारी, हे भाऊ, रोज सकाळी अंगणातली कार चालू करायचे, जरा वेळ घुरघुरू द्यायचे, काच पुसून बंद करायचे, वर कव्हर ओढायचे आणि डबा घेऊन पायी बस स्टँडवर निघायचे. ऑफिस भंडाऱ्यात, माझंही तिथेच. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी झाकलेली कार, बघा जरा.

"भाऊ, एक दिवस कारनं चला ना जी! आमालेही ठंडी हवा लागू द्या," मी टोचायचे.

"तिची तब्येत बरी आहे," ते म्हणायचे. "उगीच कायले दगदग?"

तशी ती एकदा गेली होती भंडाऱ्याला. बाजारात, पितळी भांड्यांच्या दुकानांपुढे मुंगी शिरायला जागा नाही, तिथे कार कुठे लावणार? फिरून फिरून भाऊ नदीवरचा पूल ओलांडून परत कारधा गावाला गेले, ओळखीच्यांच्या अंगणात ती ठेवली आणि ऑटोनं ऑफिसात आले! आम्ही पोट धरून हसलो. त्यांना मात्र यात काही वावगं दिसेना.

बसमध्ये हा माणूस फुलायचा. कोणाच्या पोरीची सोयरीक जुळली, कोणाचं धान कापणीला आलं, सगळं ठाऊक. शेंगदाण्याची पुडी यांच्या हातातून निघायची ती शेवटच्या सीटपर्यंत जायची.

कार घेऊन दिली होती पुण्याच्या मुलानं, मोठ्या हौसेनं. फोनवर भाऊ त्याला सांगायचे, "मस्त चालून राहिली!" दिवाळीत तो आला, मीटर पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"कायले घेऊन देली मी गाडी, बाबा? तुमाले बसचे धक्के नको म्हणूनच ना?" कुंपणाअलीकडे मला स्पष्ट ऐकू आलं. पोरगं दुखावलं होतं आणि त्याचं मन मोडणं या माणसाच्या जिवावर यायचं.

भाऊ म्हणाले, "बेटा, गाडीत मी एकटाच राहतो रे. बोलू कोणाशी?"

दुसऱ्या दिवशी मुलगा बापाबरोबर बसमध्ये. मला म्हणाला, "काकू, पुण्यात मीही रोज एकटाच अडकून राहतो कारमध्ये. रेडिओशी भांडत." लाखनी यायच्या आत बापाच्या खांद्यावर डोकं टाकून तो चक्क घोरायला लागला.

भंडारा आलं, सगळे उतरले. भाऊ हलेनात. मी खुणावलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काका, उतरा ना! बस डेपोत जाऊन राहिली," कंडक्टर ओरडला.

"जाऊ द्या जी," भाऊ कुजबुजले. "आज मले घाई नाही."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? ऑफिसला कधी उशीर न करणारा तो माणूस झोपलेल्या पोराचं डोकं खांद्यावर घेऊन, ताठ बसून, रिकाम्या बसमधून डेपोकडे निघाला होता.